साइटमॅप टाकला, पान दिसेना? या चुका टाळा

मराठवाड्यातल्या बारवा आणि किल्ल्यांची माझी एक छोटी वेबसाइट आहे. सुट्टीच्या दिवशी लातूरहून निघायचं, चारठाण्याची बारव नाहीतर नळदुर्गचा पाणीमहाल बघायचा, मापं घ्यायची, फोटो काढायचे आणि रात्री पान लिहून टाकायचं, असं आठ वर्षं चाललंय. ते बघून ओळखीतली पोरं स्वतःची साइट काढतात आणि अडली की फोन करतात. दहातले आठ फोन एकाच तक्रारीचे असतात: साइटमॅप टाकला, तरी गूगलवर पान दिसेना. साइटमॅप म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची, गूगलसारख्या शोधयंत्रांसाठी केलेली यादी. चुकाही त्याच त्या निघतात, म्हणून एकदा लिहूनच ठेवतो.

सगळ्यात महागात पडते ती चूक साइटमॅपची फाइल बनवण्याच्या आधीच झालेली असते. कागदावर आराखडा न काढता थेट फोल्डर करायला बसणं. मी स्वतः ती केली आहे. सुरुवातीला मी जिल्हावार फोल्डर केले: औरंगाबाद, उस्मानाबाद, बीड, परभणी आणि पुढचे. पुढे २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. एका संध्याकाळी बसून मी दोन्ही फोल्डरांची नावं बदलली आणि पानांमधल्या लिंक दुरुस्त केल्या. साइटमॅप मात्र हाताने लिहिलेला होता, तो तसाच राहिला. त्यात बासष्ट जुने पत्ते, आणि त्यातल्या एकाही पत्त्यावर पान नाही. गावनकाशात पाणंद दाखवलेली असते आणि जाऊन बघावं तर तिथे तूर उभी असते, तशी गत. गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, यायचा आणि ४०४ म्हणजे 'इथे पान नाही' हा निरोप घेऊन परत जायचा. तीन आठवड्यांनी एका वाचकाने कळवलं, की परांड्याच्या किल्ल्याचं पान शोधलं तर 'पान सापडलं नाही' एवढंच येतं. तोवर वर्षानुवर्षं वरती दिसणारी पानं शोधातून गळायला लागली होती.

दुरुस्ती अशी केली. प्रत्येक जुन्या पत्त्यासाठी सर्व्हरवर ३०१ची एक ओळ लिहिली. ३०१ म्हणजे 'हे पान कायमचं नव्या पत्त्यावर गेलं' असा निरोप. साइटमॅपमधून जुने पत्ते काढून फक्त नवे ठेवले. हे निरोप निदान वर्षभर तरी ठेवावे लागतात. मी ते कायमचेच ठेवले आहेत, कारण लोकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली जुनी लिंक कोण कधी उघडेल याचा नेम नसतो.

पण मूळ दुखणं वेगळंच होतं. जिल्हा पत्त्यात घालायलाच नको होता. १९८१ मध्ये जालना वेगळा झाला, १९८२ मध्ये लातूर, १९९९ मध्ये हिंगोली. औंढा नागनाथ तोवर परभणी जिल्ह्यात होतं. आपल्याकडे जिल्ह्यांची नावं बदलतात, हद्दी बदलतात, बारव मात्र जागची हलत नाही. म्हणून आता माझे पत्ते वस्तूवरून आहेत: बारव आणि गावाचं नाव, किल्ला आणि गावाचं नाव. जिल्हा पानाच्या मजकुरात असतो आणि जिल्हावार यादीचं पान वेगळं असतं. हे सगळं मी आधी आलेखवहीच्या पानावर पेन्सिलने काढतो. मुखपृष्ठ वर, त्याखाली विभाग, त्याखाली पानं. मुखपृष्ठापासून तीन क्लिकमध्ये जिथे पोहोचता येत नाही, त्या पानाची जागा मी पुन्हा ठरवतो. याला एक दुपार लागते. तेवढा धीर नसेल तर साइट काढायची घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट भाच्याची. तो संभाजीनगरला शिकतो आणि जायकवाडीच्या पाणलोटावर पक्ष्यांचे फार सुंदर फोटो काढतो. वर्डप्रेसवर साइट काढली आणि चौथ्या दिवशी फोन.

"मामा, साइटमॅप टाकून चार दिवस झाले, गूगल एक पान घेईना."

"किती वेळा टाकलास?"

"रोज टाकतोय की."

मी त्याची फाइल उघडली. पानं अठ्ठावीस, पत्ते तीनशेच्या वर. प्रत्येक फोटोचं वेगळं पान, प्रत्येक टॅगचं पान, वर्डप्रेससोबत येणारं नमुना पानसुद्धा. त्यात सगळे पत्ते एचटीटीपीने सुरू होणारे आणि साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे एकही पत्ता साइटच्या खऱ्या पत्त्याशी जुळत नव्हता. फाइल त्याने एका फुकटच्या ऑनलाइन साधनातून काढली होती. वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे २०२० पासून, स्वतःच साइटमॅप बनवतं; मग हे साधन कशाला, असं विचारलं तर म्हणाला, वर्डप्रेसचा उघडतच नव्हता. तिथेच खरं कारण होतं. साइट बसवताना त्याने 'शोधयंत्रांनी ही साइट नोंदवू नये' या चौकोनावर खूण केली होती आणि नंतर विसरला होता. ती खूण असली की वर्डप्रेस आपला साइटमॅप बंद ठेवतं आणि प्रत्येक पानावर नोइंडेक्सची, म्हणजे 'हे पान नोंदवू नका' अशी, सूचना लावतं. साइटमॅप उघडत नाही, हाच काहीतरी चुकल्याचा निरोप होता आणि तो त्याला पहिल्याच दिवशी मिळाला होता. कारण शोधायचं सोडून त्याने आडवाट धरली. नकाशात 'या' लिहिलं आणि प्रत्येक दारावर 'येऊ नका'.

खूण काढली, हाताने चढवलेली फाइल पुसली, टॅगची पानं बंद केली, वर्डप्रेसचा स्वतःचा साइटमॅप सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटवाल्यांसाठीच्या गूगलच्या साधनात, एकदा दिला. एकदाच. रोज दिल्याने काम लवकर होत नाही. पूर्वी गूगलला कळवण्यासाठी एक वेगळा पत्ता असायचा, तोही २०२३ मध्ये बंद करायचं जाहीर झालं. आठवड्याने पहिलं पान दिसलं, महिन्यात बहुतेक सगळी आली. नव्या मुलांना हा महिना सोसत नाही आणि त्या महिन्यात ती चांगली फाइलही मोडून ठेवतात.

बाकीच्या चुका थोडक्यात.

मराठी कीबोर्ड चालू ठेवून तारीख लिहिणं. फाइलमध्ये आकडे इंग्रजीच लागतात, आणि क्रम आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.

लास्टमॉडमध्ये, म्हणजे पान शेवटचं कधी बदललं त्या ओळीत, सगळीकडे आजची तारीख टाकणं. पान खरंच बदललं असेल तरच तारीख बदला. तारखा खोट्या निघाल्या की गूगल त्या मोजणंच सोडतं.

प्रायॉरिटी, म्हणजे पानाचं महत्त्व, प्रत्येक पानाला १.० देणं. गूगल प्रायॉरिटी आणि चेंजफ्रेक (पान किती वेळाने बदलतं ते) दोन्ही बघत नाही. मी त्या ओळी लिहीतच नाही.

अँडचं चिन्ह (&) पत्त्यात तसंच ठेवणं. एवढ्याने अख्खी फाइल मोडते. पहिल्या ओळीच्या आधी एखादी रिकामी ओळ राहिली तरी तेच.

देवनागरी पत्ता देवनागरीतच लिहिणं. साइटमॅपमध्ये तो टक्क्यांच्या चिन्हांच्या रूपात जावा लागतो. देवनागरीतल्या प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ चिन्हं होतात. काना आणि अनुस्वारही वेगळे मोजले जातात, म्हणून 'परांडा' एवढ्या शब्दाची चोपन्न. म्हणून मी पत्ते रोमन लिपीत ठेवतो, मजकूर मराठीत.

फाइल आतल्या फोल्डरात ठेवणं. ती मुळाशी, म्हणजे साइटच्या सगळ्यात वरच्या फोल्डरात हवी, नाहीतर, सर्च कन्सोलमध्ये दिलेली नसेल तर, ती फक्त त्या फोल्डरातल्या पानांपुरती धरली जाते. रोबोट्सच्या फाइलमध्ये (बॉटसाठी सूचना असतात ती robots.txt) तिचा पूर्ण पत्ता द्यावा.

एका फाइलला पन्नास हजार पत्त्यांची मर्यादा असते हे ऐकून फाइलचे तुकडे करणं. घरच्या साइटला त्याची काही गरज नसते. उलट पाचशेपर्यंत पानं असतील आणि ती एकमेकांना नीट जोडलेली असतील, तर साइटमॅप नसला तरी चालतं, असं गूगलच सांगतं. ज्या पानाला साइटवरून एकही लिंक नाही, ते नुसतं साइटमॅपमध्ये घालून भागत नाही. आधी लिंक द्या.

माझी स्वतःची सवय अशी आहे: महिन्याच्या पहिल्या रविवारी साइटमॅप उघडतो आणि त्यातले कुठलेही दहा पत्ते एकेक करून ब्राउझरमध्ये टाकतो. पान उघडलं पाहिजे आणि पत्ता मध्येच बदलता कामा नये. गेल्या महिन्यात खरोशाच्या लेण्यांचं पान दोनदा सापडलं, एकदा शेवटी तिरकी रेघ असलेलं, एकदा नसलेलं. रेघ नसलेलं काढून टाकलं.