'पिऊन पडलाय' असं म्हणण्याआधी: या चुका टाळा

साखर उतरलेला मधुमेही, नुकतीच फिट येऊन गेलेला तरुण, पक्षाघाताचा झटका आलेले आजोबा, डोक्याला मार लागलेला दुचाकीस्वार, मण्यार चावलेला शेतमजूर. पहिल्या नजरेला हे सगळे दारू प्यायल्यासारखे दिसू शकतात. मेंदूला साखर, रक्त किंवा प्राणवायू कमी पडला की जीभ जड होते, झोकांड्या जातात, उत्तरं असंबद्ध येतात, कधी माणूस अंगावरही धावून जातो. दारूनेही हेच होतं. म्हणून नुसतं बघून फरक करता येत नाही. अनुभवी हवालदाराला येत नाही, आणि तपासल्याशिवाय डॉक्टरलाही येत नाही.

हे पोलिसांसाठी लिहितोय आणि आपल्यासाठीही, कारण 'बेवडा आहे, सोडा' हे पहिलं वाक्य बहुतेक वेळा बघ्यांच्याच तोंडून निघतं.

वास आला की निदान झालं, असं समजणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही. बचूभाई हसनअली करयानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर डॉक्टरांची निरीक्षणं होती: तोंडाला दारूचा वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणं, विस्फारलेल्या बाहुल्या. रक्ततपासणीचा अहवाल मात्र पुराव्यात नव्हता. एवढ्यावरून माणूस दारूच्या नशेत होता असं धरता येणार नाही, असं न्यायालयाने १९७१ मध्ये म्हटलं. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम १२९-अ मध्ये डॉक्टरी तपासणी आणि रक्ताचा नमुना यांची तरतूद आहे ती म्हणूनच. पोलिसांच्या भाषेत 'मेडिकल करून आणणं'. हे मेडिकल गुन्हा सिद्ध करण्यासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. तेच मेडिकल त्या माणसाचा जीवही वाचवू शकतं, हे मात्र विसरलं जातं.

वास फसवतो तो दोन्ही बाजूंनी. मधुमेहाच्या रुग्णाची साखर खूप वाढून रक्तात आम्ल साचलं की श्वासाला पिकलेल्या फळासारखा, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. त्याला दारूचा वास समजणारे कमी नाहीत. अशा माणसाचा श्वास खोल आणि जोरजोरात चालतो, तहान प्रचंड असते, उलट्या होत असतात. दुसरी बाजू अशी की माणूस खरोखर प्यायलेला असला तरी तो आजारी नाही असं ठरत नाही. दारू पिणारा पडतो, डोकं आपटून घेतो. उपाशीपोटी प्यायला तर दारूनेच साखर खाली जाते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉलची विषारी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसं गेली. मिथेनॉलचा खरा घाला काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी कळतो: डोळ्यांपुढे धुकं, पोटात कळा, धाप. अशा वेळी 'प्यायलाय' हे खरंच असतं, आणि तेवढ्यावर थांबलं तर माणूस मरतो.

ब्रेथ अॅनालायझरबाबतही तेच. मशीनवर शून्य आलं आणि समोरचा तरीही झोकांड्या खात असेल, तर 'गांजा मारला असेल' असा दुसरा अंदाज बांधत बसू नये. सरळ दवाखाना गाठावा. गाडी चालवणाऱ्याचा आकडा जास्त आला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा, लागेल, पण डोक्यात रक्तस्राव नाही याची खात्री त्या आकड्याने मिळत नाही.

साखर न तपासणं

अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात नोव्हेंबर १९८४ मध्ये डेथॉर्न ग्रॅहम या मधुमेही माणसाची साखर उतरू लागली. संत्र्याचा रस घ्यायला तो मित्राच्या गाडीतून दुकानात गेला. रांग मोठी दिसली म्हणून घाईने बाहेर आला. ही घाई एका पोलीस अधिकाऱ्याला संशयास्पद वाटली आणि त्याने गाडी अडवली. मित्र सांगत होता की याला साखरेचा त्रास होतोय. ग्रॅहम गाडीभोवती धावला आणि कडेला बसून क्षणभर बेशुद्ध पडला. मदतीला आलेल्या पोलिसांपैकी एकाने, शुगरवाले मी खूप पाहिलेत, हा नुसता प्यायलाय, अशा अर्थाचं म्हणत त्याला बेड्या घातल्या. ग्रॅहमने पाकिटातलं मधुमेहाचं कार्ड बघा म्हटलं, तर त्याला गप्प राहायला सांगितलं. दुसरा एक मित्र रस घेऊन आला, तोही त्याला पिऊ दिला नाही. पाय मोडला, मनगटांना जखमा झाल्या, खांदा दुखावला. शेवटी दुकानात काहीच घडलेलं नाही असा निरोप आला आणि पोलिसांनी त्याला घरी नेऊन सोडलं. पोलिसांच्या बळाचा वापर कसा जोखायचा याबद्दल अमेरिकेत आजही दाखला दिला जातो तो याच प्रकरणातल्या १९८९ च्या निकालाचा. कायद्याच्या वर्गात निकाल शिकवतात. मला त्या हकिकतीत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो न दिलेला रस.

ग्लुकोमीटर आज कुठल्याही मेडिकल स्टोअरमध्ये मिळतो. बोटाला सुई टोचायची, पट्टीला रक्ताचा थेंब लावायचा, काही सेकंदांत आकडा समोर. ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर साखर कमी आहे, ५४ च्या खाली असेल तर धोका मोठा आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि नाकाबंदीच्या प्रत्येक गाडीत हे यंत्र का नसावं, याला मला तरी एकही पटणारं कारण दिसत नाही.

यंत्र नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजा. शुगर-फ्री पेय चालणार नाही. पंधरा मिनिटांत फरक दिसायला हवा. साखर मुळातच वाढलेली असली तरी एवढ्याने त्या घडीला मोठं नुकसान होत नाही. उतरलेली असली तर जीव वाचतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाणी, साखर, लिंबूपाणी, काहीही ओतू नका. ते श्वासनलिकेत जातं.

आपल्या भागातले आजार डोळ्यांसमोर नसणं

परदेशी प्रशिक्षणपुस्तिकांत मधुमेह, अपस्मार, पक्षाघात असतात. मण्यार नसते.

पावसाळ्यात, रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. दंश इतका बारीक की खूण सापडत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते. मग पापण्या मिटायला लागतात, शब्द घोगरे आणि जड येतात, थुंकी गिळता येत नाही म्हणून लाळ गळते, मान धरवत नाही. बघणाऱ्याला वाटतं, रात्रीची उतरली नाही. इथे एक गोष्ट बारकाईने बघा. हा माणूस बघण्यासाठी मान मागे टाकतो किंवा बोटाने पापणी वर धरतो, आणि तुम्ही विचारलेलं त्याला नीट कळतं. त्याचं डोकं ताळ्यावर आहे, स्नायू साथ सोडतायत. पुढचा नंबर श्वासाच्या स्नायूंचा असतो. त्याला कोठडीत टाकायचं नाही, सर्पविषावरचं इंजेक्शन (प्रतिविष) आणि श्वास देण्याची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं.

फवारणीच्या दिवसांत शेतातून आलेला माणूस अडखळत असेल, घामाने निथळत असेल, तोंडाला फेस आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या असतील, तर कीटकनाशकाची विषबाधा आधी आठवावी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरं उघड्यावर पडली हे आपण पाहिलं आहे. कपडे काढून अंग साबणाने धुवायचं, आपल्या हाताला ते लागू द्यायचं नाही आणि रुग्णालय गाठायचं.

विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात बरळणारा, तापलेल्या अंगाचा मजूर उष्माघाताचा आहे असंच धरून चालावं. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

प्रतिकाराला मस्ती समजणं

फिट येऊन गेल्यावर माणूस काही मिनिटं, कधी त्याहून बराच जास्त वेळ भानावर नसतो. डोळे उघडे असतात, चालतोही, पण कोण बोलतंय ते कळत नाही. अशाला चौघांनी धरलं की तो झटापट करतो, आणि त्याची नोंद 'पोलिसांशी हुज्जत' अशी होते. जीभ चावलेली आहे का, कपड्यांत लघवी झाली आहे का, ते बघा. लघवी दारूड्याचीही होते, पण जिभेच्या कडेला चावा दिसला तर फिटचाच विचार करा. जवळ एकानेच थांबायचं, हळू बोलायचं, रहदारीपासून दूर ठेवायचं. पालथं पाडून पाठीवर गुडघा कधीच नाही, त्याने श्वास कोंडतो. शुद्ध हरपली असेल आणि श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा.

'झोपू दे, सकाळी उतरेल'

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ५ डिसेंबर २०१७ ला तान्या डे या आदिवासी महिलेला रेल्वेतून उतरवून, सार्वजनिक ठिकाणी नशेत असल्याबद्दल कासलमेनच्या कोठडीत ठेवलं. ती तिथे पडली, डोक्याला मार लागला, मेंदूत रक्तस्राव झाला. तो तासन् तास कुणाच्या लक्षात आला नाही. २२ डिसेंबरला ती गेली. कोठडीत तिच्यावर ठेवलेली देखरेख अपुरी होती, असं मृत्यूच्या चौकशीत निघालं. तिच्या घरच्यांनी लढा दिला आणि सार्वजनिक नशा हा गुन्हाच नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या राज्यातून हद्दपार झाला.

इंग्लंडच्या पोलीस नियमावलीत नशेतल्या कैद्याला निदान दर अर्ध्या तासाने जाऊन उठवायचा नियम आहे. उठवायचं म्हणजे गजांतून डोकावायचं नाही. आत जायचं, हलवायचं, नाव विचारायचं, हात वर कर म्हणायचं. उत्तर देत नसेल तर डॉक्टर. आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५६ अटकेतल्या माणसाच्या प्रकृतीची आणि सुरक्षिततेची जबाबदारी ताबा असणाऱ्यावर टाकतं, तर कलम ५३ अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी करायला सांगतं. मोठमोठ्याने घोरणं ही गाढ झोपेची खूण मानली जाते. डोक्याला मार लागलेल्याच्या बाबतीत ती श्वास अडकत असल्याची खूण असू शकते.

फोनवर चुकीचा शब्द सांगणं

डेव्हिड रोझेनबॉम हे ज्येष्ठ पत्रकार जानेवारी २००६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये घराजवळ फिरत असताना लुटारूंनी त्यांच्या डोक्यात पाइप घातला. मदतीला आलेल्यांनी त्यांना दारूच्या नशेतला माणूस समजलं, तोच समज रुग्णवाहिकेबरोबर रुग्णालयात पोहोचला आणि तिथेही तपासणीला उशीर झाला. दोन दिवसांनी ते गेले.

म्हणून १०८ किंवा ११२ ला फोन करताना दिसतंय तेच सांगा: 'एक माणूस पडलाय, बोलता येत नाही, तोंड एका बाजूला वाकडं झालंय, श्वास चालू आहे.' 'दारूडा' हा शब्द वापरू नका. तोंड वाकडं, एक हात वर न होणं, बोबडं बोलणं यांपैकी एक जरी असेल तर तो शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता ती वेळ विचारून घ्या, कारण पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं.

घरच्यांकडून राहून जाणाऱ्या गोष्टी

मधुमेह किंवा अपस्मार असलेल्याच्या पाकिटात मराठीत लिहिलेली चिठ्ठी असू द्या: आजार, औषध, घरचा नंबर. लॉक असलेल्या मोबाइलवरही दिसणारी आपत्कालीन माहिती भरून ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्याने गाडी काढण्याआधी साखर तपासावी आणि खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात.

पोलीस ठाण्यात पोहोचलात तर भांडत बसू नका, त्यात वेळ जातो. ठाणे अंमलदारांना स्पष्ट सांगा: 'साहेब, यांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, आत्ता साखर तपासा.' हे सांगितल्याची वेळ स्टेशन डायरीत नोंदवायला सांगा. वैद्यकीय तपासणीची मागणी कलम ५३ चा उल्लेख करून लेखी द्या, तिच्या प्रतीवर पोच घ्या. उशीर होतोय असं दिसलं तर तिथूनच, ठाण्यातूनच, १०८ ला फोन लावा.