उठावाच्या टाक्यांचा काउल: पहिली साखळी घालण्याआधी

काउल म्हणजे टोकं जोडून गोल केलेला मफलर. क्रोशाच्या साध्या खांबांचा (खांब म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन विणलेला उंच टाका) काउल विणायला फारशी तयारी लागत नाही. लोकर घ्यावी, सुई घ्यावी, दूरदर्शनसमोर बसावं, दोन-तीन संध्याकाळींत होतो. पण त्यात बॉबल, पॉपकॉर्न, शंख, पोस्टचे खांब असे उठून दिसणारे टाके घालायचे ठरवले, की हिशेब बदलतो. हे टाके लोकर जास्त खातात, कापड आखडतात किंवा पसरवतात, आणि चुकीच्या लोकरीवर दिसतच नाहीत. म्हणून ही यादी. ती क्रमानेच वाचा, कारण आधीच्या गोष्टीवर पुढची ठरते.

सगळ्यात आधी काउल कोणासाठी आणि कुठल्या थंडीसाठी, हे ठरवा. पुण्या-नाशकातल्या पहाटेच्या फिरण्यापुरता हवा असेल तर ॲक्रिलिक किंवा कॉटन मिसळलेली लोकर पुरते. शुद्ध मेंढीची लोकर गळ्यात घेतली तर उन्हं वर येईपर्यंत काढून पिशवीत टाकावी लागते. मनालीच्या सहलीसाठी किंवा टोरोंटोतल्या भाचीसाठी असेल तर मात्र मेरिनो, म्हणजे मेंढीची मऊ लोकर, घ्यायला हरकत नाही. परदेशी पाठवायचा असेल तर तो तिथल्या वॉशिंग मशीनमध्ये आणि मग ड्रायरमध्ये जाणार, हे गृहीत धरा. साधी मेरिनो तिथे आकसून नमद्यासारखी होते. लेबलवर ‘सुपरवॉश’ (मशीनमध्ये आकसू नये म्हणून प्रक्रिया केलेली) लिहिलेली घ्या, आणि तरीही सोबत चिठ्ठी द्या की हाताने धू. शुद्ध कॉटनचा काउल दिसतो छान, पण जड होतो आणि ताण धरत नाही, महिन्याभरात लोंबायला लागतो.

लोकर टोचते का, हे तळहातावर कळत नाही. दुकानात गुंडा हनुवटीखाली, मानेला लावून थोडा वेळ उभं राहा. दुकानदार बघतील, बघू द्या. घोंगडीची दख्खनी लोकर पाठीवर कितीही उबदार असली तरी गळ्याशी सहन होत नाही. तिचा तंतू जाड असतो. मेरिनोचा साधारण 17 ते 24 मायक्रॉनच्या दरम्यान असतो, म्हणून ती बोचत नाही.

आता मुख्य गोष्ट, रंग आणि पीळ. उठावाचा टाका दिसतो तो सावलीमुळे. गडद नेव्ही ब्लू किंवा काळ्या लोकरीत सावली दिसत नाही, मग तुम्ही पाच-पाच खांबांचे पॉपकॉर्न विणा नाहीतर साधे खांब, लांबून सगळं सारखंच. रंगीबेरंगी, छटा बदलणाऱ्या लोकरीत डोळा रंगाकडे जातो आणि टाका हरवतो. दुकानात सगळ्यात मोहात पाडणारी लोकर नेमकी तीच असते, आणि या कामाला ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मोतिया, फिका राखाडी, मोहरी, विटकरी, कैरीचा हिरवा, असे एकरंगी घ्या. केसाळ, मोहेरसारखी लोकरही नको. ती टाका झाकते, आणि उसवायची वेळ आली तर केस एकमेकांत अडकून बसतात. धागा गोल, घट्ट पिळाचा, तीन-चार पदरी असावा. टोक बोटांत धरून उलटं फिरवून बघा. पदर लगेच सुटे होऊन पसरत असतील तर पाच खांब एकत्र ओढताना सुईचं टोक दर वेळी पदरांत घुसेल.

जाडी मध्यम ठेवा. परदेशी लेबलवर जिला वर्स्टेड किंवा 4 क्रमांकाची म्हणतात ती, म्हणजे 100 ग्रॅमला सुमारे 180 ते 200 मीटर. लुधियानाच्या वर्धमान, ओसवालच्या ॲक्रिलिक लोकरीतही या जाडीची मिळते. तुळशीबागेत किंवा दादरला गेलात तर नुसती ‘जाड लोकर’ मागू नका, ग्रॅमला मीटर किती ते लेबलवर बघून घ्या. लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, सगळ्या गुंड्यांवर एकच हवा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन लॉट सारखे दिसतात, घरी उन्हात काउलच्या मधोमध पट्टा उमटतो.

सुई मिलिमीटरमध्येच मोजा. जुन्या स्टीलच्या बारीक सुयांवर उलटा हिशेब असतो, आकडा मोठा तर सुई बारीक. त्या तोरणं आणि रुमाल विणायच्या, त्यांचा इथे उपयोग नाही. मध्यम जाडीच्या लोकरीला 5 किंवा 5.5 मिमी. लेबलवर छापलेला आकार बहुतेक वेळा दोन सुयांवरच्या विणकामासाठी असतो, क्रोशासाठी त्याहून अर्धा ते एक मिमी जाड सुई धरावी. ज्यांचा हात दोऱ्याच्या तोरणांवर तयार झालाय त्यांचा ताण घट्ट असतो; त्यांनी सरळ 6 मिमीपासून सुरुवात करावी. घट्ट विणलेला काउल मानेभोवती पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. लागोपाठचे दोन-तीन आकार जवळ असू द्या, चाचणीचा नमुना विणताना लागतील. बाकी सामान थोडकंच: टेप, कात्री, बोथट टोकाची मोठ्या नाकाची सुई, स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा, वही-पेन्सिल, आणि फेरीची सुरुवात दाखवायला मार्कर. मार्कर नसले तर सेफ्टी पिना चालतात, फक्त पिनेच्या गुंडाळीत लोकर अडकते तेवढं सांभाळा.

टाके निवडताना हावरेपणा नको. तीन प्रकार पुष्कळ झाले, त्यांतला एक शांत. पण त्याआधी काउल गोल फेऱ्यांत विणणार की सपाट पट्टी विणून शेवटी शिवणार, ते ठरवा, कारण बहुतेक घोळ इथेच होतात. बॉबल म्हणजे एकाच टाक्यात पाच अर्धवट खांब घेऊन शेवटी सगळे एकदम बंद करायचे. त्याचा फुगा पाठीमागे पडतो. सपाट पट्टीत म्हणूनच बॉबल उलट्या ओळीत घालतात, म्हणजे ते सुलट बाजूला उठतात. गोल फेऱ्यांत न उलटता विणलं तर सुलट बाजू कायम तुमच्यासमोर असते, त्यामुळे बॉबल आत, मानेकडे जातात आणि प्रत्येक बोटाने बाहेर ढकलावा लागतो. तिथे पॉपकॉर्न घ्या. पाच पूर्ण खांब एकाच टाक्यात विणायचे, सुई काढून घ्यायची, ती पहिल्या खांबाच्या डोक्यात पुढून घालायची आणि सुटा ठेवलेला फास त्यातून ओढायचा. पाचही खांब मुठीसारखे मिटतात आणि गाठ तुमच्याकडे उठते. वर एक साखळी घालून ती पक्की करावी.

पोस्टच्या खांबात सुई डोक्यात न घालता खालच्या खांबाच्या अंगाभोवती फिरवतात. एक पुढून, एक मागून असे आळीपाळीने घातले की छान लवचीक काठ तयार होतो. वरच्या-खालच्या दोन्ही कडांना तो मला हवाच असतो, नाहीतर कडा वळतात. पण हे खांब साध्या खांबापेक्षा बुटके पडतात आणि कापड आडवं आखडतं. शंख (एकाच टाक्यात पंख्यासारखे विणलेले खांब) मात्र कापड पसरवतात. म्हणजे टाक्यांची संख्या तीच ठेवली तरी काठाजवळ घेर कमी आणि शंखांच्या पट्ट्यात जास्त, असं होऊ शकतं. उपाय दोन: शंखांच्या पट्ट्याला सुई अर्धा मिमी बारीक घ्या, किंवा दोन उठावाच्या पट्ट्यांमध्ये मुक्या खांबांची (वेढा न घेता विणलेल्या बुटक्या टाक्यांची) एक फेरी टाका. ती फेरी घेर ताब्यात ठेवते आणि डोळ्यालाही विसावा देते. इंग्रजीत लिहिलेली कृती वापरणार असाल तर ती अमेरिकन की ब्रिटिश ते आधी तपासा. अमेरिकन ‘सिंगल क्रोशे’ला ब्रिटिश लोक ‘डबल’ म्हणतात, आणि ‘सिंगल’ हा शब्द दिसला तर कृती अमेरिकन समजावी.

यानंतर नमुना, म्हणजे आधी विणून बघायचा चाचणीचा तुकडा. हा टाळू नका, आणि चार साध्या ओळींचाही विणू नका. ठरवलेले तिन्ही टाके त्यात आले पाहिजेत, तुकडा निदान 15 सेंटिमीटर लांब-रुंद हवा. धुवा, सावलीत सपाट वाळवा आणि मगच मोजा. ॲक्रिलिकवर इस्त्री किंवा कडक वाफ अजिबात नको. उठाव कायमचा चपटा होतो.

मोजल्यावरचा हिशेब असा. समजा 10 सेंटिमीटरला 14 खांब बसले आणि घेर 64 सेंटिमीटर हवाय, तर टाके येतात 89.6. तुमची नक्षी 6 टाक्यांच्या पटीत असेल तर 90 टाके, पंधरा शंख, काम झालं. 8 च्या पटीत असेल तर 88 घ्यायचे की 96, हा प्रश्न. 88 ला घेर जेमतेम 63 येतो, 96 ला साडेअडुसष्ट. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण 54 ते 58 सेंटिमीटर, आणि काउल डोक्यावरूनच घालायचा असतो. 88 चालतील, पण अंबाडा घालणारी असेल तर 96 घ्या. सपाट विणायच्या कृतींत पटीच्या पुढे ‘अधिक 1’ किंवा ‘अधिक 3’ लिहिलेलं असतं. ते कडेच्या टाक्यांसाठी. गोल विणताना सोडून द्यायचं.

लोकर किती लागेल तेही याच तुकड्यावरून काढा. 15 बाय 15 म्हणजे 225 चौरस सेंटिमीटर. काट्यावर तो 18 ग्रॅम भरला आणि काउल 64 बाय 24 चा, म्हणजे 1536 चौरस सेंटिमीटरचा हवा, तर साधारण 123 ग्रॅम. वर पंधरा टक्के धरून 150 ग्रॅम आणा. गळ्याभोवती दोन वेढे घेणारा लांब काउल असेल तर हाच हिशेब दुप्पट. सांगायचं राहिलं, नमुन्यासाठी आधी एकच गुंडा आणायचा आणि बाकीचे नंतर, हा मोह वाईट, लॉट संपतो. दुकानदाराशी न उघडलेले गुंडे परत घेण्याचं बोलून ठेवा. मोठी लड मिळाली असेल तर ती आधी गुंडाळून गुंडा करून घ्या, पण सैल. ताणून गुंडाळलेली लोकर विणल्यावर आखडते.

पाया-साखळी अर्धा मिमी जाड सुईने घाला. साखळी घट्ट झाली तर वरचा भाग कितीही सैल विणा, खालची कड डोक्यातून उतरणार नाही. साखळी जोडण्याआधी ती टेबलावर गोल पसरा आणि सगळे टाके एकाच दिशेला तोंड करून आहेत ना, बोट फिरवत पूर्ण घेर तपासा. पीळ राहिला तर तो नंतर काढता येत नाही, सगळं उसवावं लागतं. भरवसा नसेल तर पहिली ओळ सपाटच विणा, दुसऱ्या ओळीला जोडा आणि खालची छोटी फट शेवटी टोकाच्या धाग्याने शिवून टाका. त्यासाठी सुरुवातीचं टोक वीतभर लांब सोडायचं. जोडाच्या जागी पहिली पिन लावा. फेऱ्या न उलटता विणल्या तर हा जोड हळूहळू तिरका सरकत जातो, त्यामुळे पिन दर फेरीला वर हलवायची आणि जोड सुरुवातीच्या रेषेत दिसेल अशी अपेक्षा ठेवायची नाही. काउल घालताना तो मानेमागे घ्यायचा, एवढं ज्याला देणार त्याला सांगून ठेवा.