रग चालेल, कळ नको: खुबा बदलल्यानंतरच्या व्यायामाचं दुखणं

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मला वॉकर देऊन उभं केलं. तेव्हापासून आठवडाभर फिजिओ मॅडमच्या प्रत्येक प्रश्नाला माझं एकच उत्तर: "दुखतंय हो." शेवटी त्या म्हणाल्या, "काकू, दुखतंय ते चेहऱ्यावर दिसतंच आहे. कसं दुखतंय ते सांगा." मी जरा चिडलेच. पण त्या रात्री झोप येईना तेव्हा पडल्या पडल्या शब्द मोजले. रग, ओढ, ठणका, कळ, चमक, ठसठस. आपल्याकडे दुखण्याला एक का शब्द आहे! आणि प्रत्येकावर करायचं ते वेगळं.

आधी दुखतं का ते सांगते. मी शिवणकाम करते. उजवा खुबा झिजत गेला तशी मशीनवरून उठल्यावर पहिली आठ-दहा पावलं लंगडायची सवयच लागली होती. ऑपरेशनने सांधा नवा मिळाला, पण त्याच्याभोवतीचे स्नायू तेच जुने. वर्षानुवर्षं अर्धंच काम केलेले, आखडलेले, त्यात ऑपरेशनच्या वेळी बाजूला ओढलेले, काही कापून पुन्हा शिवलेले. बरीच वर्षं घडी घालून ठेवलेलं कापड उलगडलं की घडीवर ते ताठच राहतं, तसं. त्यांना कामाला लावलं की ते कुरकुरणार. ही रग. मांडीच्या पुढच्या बाजूला, कुल्ल्यात, कडेला लागते. व्यायामानंतर काही तासांनी वाढते, कधी दुसऱ्या दिवशी जास्त जाणवते आणि एक-दोन दिवसांत उतरते. रग चालेल. ताण देताना येणारी ओढही चालेल, मात्र पाय सैल सोडला की ती सुटली पाहिजे.

कळ आणि चमक आली की तिथेच थांबायचं. "एवढं एकदा उरकून टाकू" म्हणायचं नाही. मला उभं राहून पाय कडेला नेताना जांघेत चमक यायची. मॅडमनी पाहिलं तर मी पाऊल बाहेर वळवून, कडेच्या स्नायूंचं काम मांडीच्या पुढच्या स्नायूंकडून करून घेत होते, वर अंगही दुसऱ्या बाजूला झुकवत होते. पायाची बोटं समोर, कंबर सरळ, उंची निम्मी. चमक गेली. त्यानंतर कुठलाही व्यायाम दुखला की मी आधी विचारते, "मी हा बरोबर करतेय का?" निदान माझं तरी बरंचसं दुखणं चुकीच्या पद्धतीचं निघालं.

किती दुखलं तर चालेल, याला मॅडमनी दहापैकी गुण द्यायला शिकवलं. व्यायाम करताना चार-पाचच्या वर जायचं नाही. खरा निकाल मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी. उठल्यावर कालच्या सकाळइतकंच दुखत असेल तर तेवढाच व्यायाम, हवं तर एक-दोन वेळा जास्त. कालच्यापेक्षा जास्त दुखत असेल तर आज निम्मा.

हे मी अक्कलखाती जमा करून शिकले. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस पाय अगदी हलका वाटला. दहाच्या जागी वीस वेळा केलं, त्यात दोनदा जिना. दुसऱ्या दिवशी पाय उचलून पलंगावर ठेवता येईना. घाबरून मी दोन दिवस नुसती पडून राहिले, तर तिसऱ्या दिवशी खुबा लाकडासारखा. "कमी करा काकू, बंद करू नका," मॅडम म्हणाल्या. तेव्हापासून वाईट दिवसाचा व्यायामही ठरलेला आहे: पडल्या पडल्या घोटा वर-खाली, मांडी आवळून पाच आकडे मोजायचे, कुल्ले आवळायचे, आणि तासातासाने उठून घरातल्या घरात छोटी चक्कर.

गोळीचं गणित वेळेवर आहे. सुरुवातीला मी "सहन होतंय" म्हणत गोळी टाळायची आणि व्यायामाला दात-ओठ खाऊन उभी राहायची. दुखण्याच्या धास्तीने अंग आवळलं जातं, आवळलेल्या अंगाने व्यायाम धड होत नाही, आणि मग आणखी दुखतं. तोंडाने घ्यायच्या गोळीला लागू पडायला अर्धा ते एक तास लागतो, म्हणून मी ती व्यायामाच्या पाऊण तास आधी घ्यायला लागले. दोन गोष्टी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत. एक, पॅरासिटामॉल सर्दीच्या आणि इतर दुखण्याच्या गोळ्यांतही असतं. मोठ्या माणसाला 24 तासांत सगळं मिळून 4 ग्रॅमच्या वर जाता येत नाही, आणि वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा आणखी कमी. दुसरी, रक्त पातळ करणारं औषध चालू असताना आयब्युप्रोफेनसारखी गोळी मनाने घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

व्यायामानंतर बर्फ. फडक्यात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं, जास्त नाही. टाक्यांच्या आजूबाजूची कातडी बऱ्याच जणांची सुन्न असते, माझी अजून आहे. तिथे गारठा कळत नाही, म्हणून मध्ये एकदा फडकं उचलून कातडी बघायची. जखम ओली होऊ द्यायची नाही. ताज्या सुजेवर गरम शेक नको. आणि कोणी प्रेमाने "पाय चोळून देऊ का?" म्हटलं तरी नको, विशेषतः पोटरी.

संध्याकाळी सूज वाढते, आणि संध्याकाळचा ठणका बराचसा तिचाच. आडवं पडून अख्खा पाय उश्यांवर उंच ठेवला की उतरतो. मांडीवरचा काळानिळा डाग गुडघ्याकडे घसरलेला बघून माझी सून घाबरली होती; रक्त खाली उतरतं एवढंच ते. झोपताना गुडघ्यांमध्ये जाड उशी.

मला मागच्या बाजूने ऑपरेशन केलं, त्यामुळे खुबा 90 अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही. पुढच्या बाजूने केलेल्यांचे नियम वेगळे असतात, तेव्हा आपले आपल्या सर्जनकडूनच घ्या. शिवणाऱ्या बाईला जमिनीवरची टाचणी न उचलता बसणं म्हणजे शिक्षा! आमच्या ह्यांनी जुन्या काठीच्या टोकाला लोहचुंबक बांधून दिलं. आयुष्यातली त्यांची सगळ्यात उपयोगी कारागिरी.

दुखणं खुब्यातच असतं असंही नाही. माझे तळहात दुखायचे, कारण वॉकर उंच होता. उभं राहून हात खाली सोडले की मनगटाच्या घडीशी त्याची मूठ यायला हवी. काठी आली ती चांगल्या बाजूच्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. पाय लांब झाल्यासारखा वाटायचा, त्यानेही कंबर धरायची. स्नायू सैल होत गेले तसं ते कमी झालं.

रोज दुखत असलं की वाटतं, काहीच फरक नाही. यावर माझा उपाय मापाची टेप. पाठीवर झोपून टाच सरकवत गुडघा दुमडायचा व्यायाम असतो, तेव्हा पलंगावर टेप अंथरायची. पहिल्या दिवशी टाच साडेतीन इंच सरकली, पंधराव्या दिवशी नऊ. रग दोन्ही दिवशी तेवढीच होती.

काही दुखण्यांना मात्र गुण देत बसायचं नाही, लगेच फोन करायचा. पोटरी दुखते, सुजते, लाल किंवा गरम लागते. ताप येतो, जखमेतून पाणी किंवा पू येतो. विश्रांतीतही ठसठस वाढतच जाते. अचानक मोठी कळ येऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसला, त्यावर भारच देता येईना, तर सांधा निखळलेला असू शकतो. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर फोनही नको, थेट दवाखाना. पायातली गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते.

एक लक्षात ठेवा, नवीन काही सुरू केलं की रग परत येते. माझी काठी सुटली तेव्हा दोन दिवस आली, पायमशीन सुरू केलं तेव्हा पुन्हा आली. सर्जनने हो म्हटल्यावर बाराव्या आठवड्यात पहिल्यांदा मशीनवर बसले, उंच स्टुलावर. सध्या वीस मिनिटं पायडल, मग उठून एक चक्कर. पंचवीस केली की रात्री कुल्ला आठवण करून देतो.