बडोद्यात भजी तळताना: पिठापासून तेलापर्यंत

बडोद्यातल्या वाण्याकडे बेसन मागितलं की उलट प्रश्न येतो, "झीणो के करकरो?" तिथे गोंधळून 'काहीही द्या' म्हणू नका. झीणो म्हणजे आपलं नेहमीचं बारीक पीठ, कांदा-बटाट्याच्या भज्यांना तेच घ्यायचं. करकरो रवाळ असतो, मगस (बेसनाची मिठाई) आणि मेथीचे गोटे (मेथीची गोल भजी) त्याचे. बटाट्याच्या कापाला हे पीठ नीट धरत नाही, तेलात गळून खाली जळत बसतं.

दांडिया बाजारात बऱ्याच ठिकाणी मराठी चालून जातं, बाकीकडे चार शब्द हाताशी असू द्या. ओवा म्हणजे अजमो, तांदळाचं पीठ म्हणजे चोखानो लोट. खायचा सोडा 'साजीना फूल' म्हणून मागा. 'लिंबूना फूल' म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, ते नको. खंडेराव मार्केटात 'रताळू' म्हणाल तर जांभळा कंद मिळेल, आपलं रताळं इथे शक्करियां. कंदाचीही भजी झकास होतात म्हणा.

कांदा भज्यांसाठी 400 ग्रॅम कांदा उभा पातळ चिरा. 1 छोटा चमचा मीठ, तेवढंच तिखट, अर्धा चमचा ओवा, चिमूटभर हळद लावून चुरगळा आणि 15 मिनिटं ठेवा. कांद्याला सुटलेल्या पाण्यातच 100 ग्रॅम बेसन आणि 2 मोठे चमचे तांदळाचं पीठ मावतं. वरून पाणी फार तर चमचाभर. पिठातून कांद्याच्या पाकळ्या दिसायला हव्यात. कांदा बुजला तर खेकडा भजी विसरा, बोंडं होतील. पीठ एकदम सगळं कालवू नका. कांदा पाणी सोडतच राहतो, तिसऱ्या घाण्यापर्यंत सगळं सैल होतं. सोडा इथे लागतच नाही.

बटाट्याचे काप 2 मिलिमीटरचे, फडक्यावर कोरडे केलेले. ओल्या कापावरून पीठ घसरतं. 100 ग्रॅम बेसनाला साधारण 120 मिलिलिटर पाणी, तेही थोडं थोडं, आणि चमचाभर कडकडीत तेल. सोडा चिमटीपेक्षा जास्त पडला की भजी तेल पितात, साबणासारखी लागतात, हळदीमुळे लाल ठिपकेही उठतात.

कपासिया (सरकीचं) तेल असो की सिंगतेल (शेंगदाण्याचं), पिठाचा थेंब टाकून बघा. खाली जाऊन लगेच वर आला तर ठीक. तळाशीच बसला तर तेल गार आहे. कढई गच्च भरली तरी तेल निवतं आणि भजी तेलकट होतात.

गोट्यांसाठी 250 ग्रॅम करकरो, जुडीभर मेथी, 2 मोठे चमचे साखर, 2 चमचे दही, भरडलेले धणे-मिरे, मीठ, मिरची. लागेल तसं पाणी घालून घट्टसर भिजवा आणि 20 मिनिटं ठेवा, रवाळ पीठ पाणी सावकाश शोषतं. साखर बघून नाक मुरडू नका, मेथीचा कडूपणा तीच सांभाळते. मात्र तिच्यामुळे रंग लवकर चढतो, म्हणून आच मध्यमच. नाहीतर बाहेरून तांबूस, आत कच्चट. पाव चमचा सोडा अगदी शेवटी. तयार 'डाकोर गोटा' पीठ मिळतं, पण त्यात मसाला आधीच असतो, कांद्याला वापरू नका.

सोबतीच्या मिरच्यांना तळण्याआधी चीर द्या, नाहीतर तेलात फुटतात.