जुनी रोड बाइक घेतलीत? आधी टायर, मग चेन, कार्बन राहू दे

भाच्यानं जुनी रोड बाइक घेतली. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, पुढचं चाक धरणारा कार्बनचा फोर्क, शिमानो कंपनीच्या सोरा श्रेणीचे मागे ९ गिअर, पुढे ५० आणि ३४ दातांच्या चकत्या, रिमवर दाबणारे साधे रिम ब्रेक. किमतीच्या मानानं गाडी झकास आहे. दारात आणून टेकवली आणि साहेबांचा पहिला प्रश्न, "मावशी, कार्बनची चाकं केवढ्याला पडतील रे... म्हणजे गं?" मी म्हटलं, आधी टायरवरून बोट फिरव. बाजूला बारीक भेगा, मधला भाग घासून चपटा, आणि रुंदी २३. यावर तो पावसाळ्यात सिंहगड उतरणार होता.

जुन्या सायकलवर पैसे घालायचा माझा क्रम ठरलेला आहे. रस्त्याला टेकतं ते पहिलं. जे स्वतः झिजताना शेजाऱ्यालाही झिजवतं ते दुसरं. अंगाला टेकतं ते तिसरं. वजन कमी करणारं सगळं त्यानंतर, आणि पोट कमी करणं फुकटात होतं हे लक्षात ठेवून.

टायर घ्यायला जाताना जुन्या टायरच्या बाजूला उठावात छापलेले आकडे वाचा. २३-६२२ असं काहीतरी दिसेल. पहिला आकडा रुंदी, दुसरा म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ६२२ बदलत नाही, रुंदी बदलता येते. आपल्या रस्त्यांवर २३ ठेवण्यात काही अर्थ नाही. २५ घ्या, आणि बसत असेल तर २८. बसतंय का हे दुकानदाराला न विचारता स्वतः बघा: ब्रेकखाली, फोर्कच्या खांद्याखाली आणि मागे चेनस्टेमध्ये (पॅडलपासून मागच्या चाकापर्यंतच्या नळ्यांमध्ये) टायर फुगवल्यावरही चारेक मिलिमीटर फट उरली पाहिजे. नाहीतर पावसात लाल चिखल तिथे अडकतो आणि चाक घासत बसतं. भाच्याच्या गाडीत २८ अडकत होता, म्हणून २५ घातले.

हवेच्या प्रेशरबद्दलही गैरसमज आहे. टायरवर छापलेला मोठा आकडा ही मर्यादा आहे, तेवढी हवा भरा असा हुकूम नव्हे. भाचा ७८ किलोचा; २५ च्या टायरला तो पुढे ८० आणि मागे ९० पीएसआय भरतो. ओल्या रस्त्यावर दोन्हीकडे पाचेक कमी. दगडासारखा फुगवलेला टायर खड्ड्यावरून उडतो, पकड सुटते आणि मनगटं दुखतात ती वेगळीच. म्हणून काटा असलेला, उभ्यानं मारायचा पंप ही पहिली खरेदी. बारीक ट्यूबमधून हवा आपोआप झिरपते, त्यामुळे दर राइडच्या आधी बघायची.

टायर चढवताना एक सवय लावून घ्या: टायरवरचं कंपनीचं नाव बरोबर व्हॉल्व्हपाशी आणा. हे शोभेसाठी नाही. पंक्चर झाल्यावर ट्यूबमधलं भोक व्हॉल्व्हपासून किती वितीवर आहे ते बघायचं आणि टायरवर त्याच अंतरावर शोधायचं. ट्यूब कोणत्या बाजूनं बसली होती हे विसरलात तर दोन्ही बाजूंना बघा. सातारा रस्त्याच्या कडेनं फुटलेल्या ट्रकच्या टायरचे तुकडे पडलेले असतात, त्यातल्या पोलादी तारांचे केसाएवढे तुकडे आपल्या टायरमध्ये शिरतात. बाहेरून काहीच दिसत नाही. आतून बोट फिरवलं तरी कधी लागतं, कधी नाही. कापसाचा बोळा फिरवा, तार असेल तिथे एखादा तंतू अडकतोच. मग नखानं टायर दुमडायचा, टोक वर आलं की चिमट्यानं ओढायचं. ही तार न काढता नवी ट्यूब टाकणारे लोक पुढच्या चहाच्या टपरीपर्यंतच पोचतात. पावसात हे प्रकार जास्त होतात, कारण ओल्या रबरात काच आणि तार सहज घुसते.

टायरची शेवटची वीतभर कड चढेना झाली की लगेच लिव्हर (टायर काढायची पट्टी) घालू नका, ट्यूब चिमटते. समोरच्या बाजूपासून दोन्ही कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत ढकलत या, ढील मिळते, मग अंगठ्यांनी जातं. शेवट नेहमी व्हॉल्व्हपाशी करा. आणि हवा भरण्याआधी व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बाहेर ओढा, म्हणजे तिथे ट्यूब कडेखाली दबलेली राहत नाही.

आता चेन. चेन झिजली आहे का हे सांगायला मेकॅनिक लागत नाही, कंपासपेटीतली स्टीलची पट्टी पुरते. चेनवर ताण असताना एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा आणि त्यापुढची विसावी पिन बघा. नव्या चेनमध्ये ती बरोबर २५४ मिलिमीटरवर येते. ९ गिअरच्या गाडीत २५६ ला टेकली की चेन बदलायची. ११ किंवा १२ गिअरची असेल तर २५५ ओलांडल्याबरोबर. भाच्याची पट्टी २५७ दाखवत होती. इतकी लांबलेली चेन कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांचे, दातही आपल्या मापानं घासते, मग नवी चेन त्या दातांवर बसत नाही आणि जोर लावला की सटकते. वेळेवर बदललेली चेन स्वस्तात सुटते. उशीर केला की कॅसेटही घ्यावी लागते, तशी आम्हाला लागलीच.

कॅसेट घ्यायचीच होती म्हणून ११ ते २८ दातांच्या जागी ११ ते ३२ दातांची घेतली. हिशेब सोपा आहे. पुढे ३४, मागे २८ असताना मिनिटाला ६० वेळा पॅडल फिरवलं तर वेग ताशी सव्वानऊ किलोमीटरच्या आसपास असतो. सिंहगडाच्या उभ्या वळणांवर तेवढा वेग राखता आला नाही की गुडघे बोलायला लागतात. ३२ दातांवर तेच पॅडल ताशी ८ वर चालतं. मात्र मागच्या डिरेल्युरवर, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेवर, कोरलेला मॉडेल नंबर वाचून त्याला कमाल किती दात चालतात ते शिमानोच्या माहितीपत्रकात आधी बघा. आणि कॅसेट मोठी केली तर नवी चेन जुनीएवढी कापू नका: डिरेल्युरला वगळून पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चकतीवरून चेन गुंडाळा, टोकं जिथे जुळतील त्याच्यापुढे दोन कड्या जास्त ठेवा.

तेल घालण्याबद्दल तर बोलायलाच नको. चकचकीत काळी, ठिबकणारी चेन बघून लोकांना बरं वाटतं. झीज होते ती पिनेच्या आणि रोलरच्या (पिनेवर फिरणाऱ्या छोट्या नळीच्या) आत. बाहेरचं तेल फक्त धूळ धरतं आणि त्याची पॉलिश पेपरसारखी लुगदी होते. जुन्या बनियनच्या फडक्यावर थोडं डिझेल घ्या, चेन फडक्यात धरा, पॅडल उलटं फिरवा. फडकं काळं येईनासं होईपर्यंत. वाळू द्या. मग प्रत्येक रोलरवर एकच थेंब. हो, शंभरावर थेंब होतात, रेडिओ लावा. रात्रभर मुरू द्या आणि सकाळी बाहेरून कोरडी पुसून काढा. हे पुसणंच लोक विसरतात. पावसाळ्यात 'वेट' प्रकारचं चेनचं तेल, दिवाळीनंतर 'ड्राय'. शिवणयंत्राचं तेल पहिल्याच सरीत धुऊन जातं. निळ्या-पिवळ्या डब्यातला नेहमीचा डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला उत्तम, पण तो चेनचं तेल नव्हे.

ब्रेकला वेळ कमी लागतो, पण तो आळस करून चालत नाही. चाक काढा आणि ब्रेकच्या रबरांचा चेहरा बघा. त्यात रुतलेले चमकणारे कण म्हणजे तुमच्या रिमचं खरवडलेलं अ‍ॅल्युमिनियम. टाचणीनं उकरून काढा, वरची गुळगुळीत साय पॉलिश पेपरनं घासा. रबरातल्या खाचा दिसेनाशा झाल्या तर रबर बदला. रिमच्या बाजूला पट्टीची कड आडवी लावा. मध्ये उजेड दिसला तर रिम घासून खाल्ली गेली आहे, तिचं आयुष्य संपत आलं. भाच्याच्या कार्बनच्या चाकांना माझं उत्तरही इथेच आहे: रिम ब्रेक आणि कार्बन रिम पावसात एकत्र आले की ब्रेक दाबल्यावर गाडी विचार करून थांबते. खंबाटकी घाट उतरताना मला तो विचार नको आहे. डिस्क ब्रेक असतील तर चेनचं तेल फवाऱ्यानं मारू नका, पॅडवर थेंब उडाला की पॅड गेलं.

अंगाला टेकणाऱ्या गोष्टींत शॉर्ट्सवर कंजूषी करू नका. पॅडची शॉर्ट्स आत काहीही न घालता वापरायची, आणि आल्याबरोबर धुवायची, कंडिशनर न टाकता. सीट मऊ असली म्हणजे बरी असं नसतं. बसायच्या हाडांना रुंदी पुरली पाहिजे. बुटांना क्लीट, म्हणजे पॅडलमध्ये अडकणारा तुकडा, पहिल्यांदाच लावताय? शिमानोच्या रोडच्या क्लीटमध्ये पिवळी घ्या, तिच्यात टाच ६ अंश हलते. लाल अजिबात हलत नाही, गुडघे नवे असतील तरच तिच्या वाटेला जा. हेल्मेट एकदा जोरात आपटलं की बदलायचं, बाहेरून धड दिसलं तरी.

सीटपोस्ट बाहेर काढून बघा, जुन्या गाडीत हमखास राहून जातं. घाम आणि पाणी आत मुरून अ‍ॅल्युमिनियमची पोस्ट फ्रेममध्ये कायमची बसते. पुसा, ग्रीसचा पातळ हात द्या, परत घाला. पोस्ट किंवा फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीस नाही, कार्बन पेस्ट. धुताना बादली आणि स्पंज. मोटारसायकली धुतात तो जोराचा फवारा हबवर मारला की पाणी बेअरिंगमध्ये जातं.

चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढणं मात्र मी स्वतः करत नाही. चाळीस वर्षं आरे आवळणाऱ्या कोपऱ्यावरच्या काकांचा हात माझ्यापेक्षा सरळ आहे. त्यांच्याकडे फक्त चाक काढून न्यावं. अख्खी सायकल ठेवणार असाल तर सीटच्या उंचीवर पोस्टला टेपची खूण करून ठेवा. काकांचा नातू चक्कर मारून येतो.