उतारवयात क्रिएटिन कसे घ्यावे: आधी बैठका, मग भुकटी

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील ज्या घरांत कोणी ना कोणी तालमीच्या मातीत घाम गाळलेला आहे, तिथे ताकद म्हणजे दूध, तूप, बदाम आणि बैठका हे समीकरण पक्के असते. त्यामुळे मुलाने जिमसाठी आणलेला क्रिएटिनच्या पांढऱ्या भुकटीचा डबा पाहून वडिलांच्या कपाळावर आठी पडते. माझ्या मते त्या डब्याची गरज मुलापेक्षा वडिलांनाच अधिक आहे.

क्रिएटिन हे स्टेरॉइड नव्हे आणि प्रथिनांची भुकटीही नव्हे. आपले शरीर ते रोज सुमारे 1 ग्रॅम स्वतः तयार करते, मांस-मासे खाणाऱ्यांना साधारण तेवढेच आहारातूनही मिळते आणि त्यातील सुमारे 95 टक्के साठा स्नायूंत राहतो. पोते उचलताना किंवा जमिनीवरून झटकन उठताना पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा हाच साठा पुरवतो. निपाणी-चिकोडीकडील जैन व लिंगायत घरांसारख्या शाकाहारी घरांत तो मुळातच कमी असतो, म्हणून तिथे फरक अधिक जाणवू शकतो. बाजारातील क्रिएटिन मोनोहायड्रेट कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने बनते, मांसापासून नव्हे. मात्र कॅप्सूल घेणार असाल, तर तिचे आवरण प्राण्यांपासून बनणाऱ्या जिलेटिनचे नसल्याची खात्री करावी.

दीर्घायुष्याच्या दाव्यांकडे सावधपणे पाहावे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात क्रिएटिन दिलेल्या उंदरांचे निरोगी आयुष्य सुमारे 9 टक्क्यांनी वाढले होते, परंतु माणसाचे आयुष्य त्याने वाढते असे सिद्ध झालेले नाही. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) 1,741 रुग्णांवर रोज 10 ग्रॅम देऊन केलेली मोठी चाचणी लाभ दिसण्याची शक्यता न उरल्याने 2013 मध्ये थांबवावी लागली. वृद्धांच्या स्मरणशक्तीला थोडा फायदा होत असल्याचे संकेत आहेत, पण तेवढ्यासाठी मी डबा विकत घेणार नाही. पक्का आधार आहे तो एवढाच, की वजनाच्या व्यायामासोबत घेतल्यास उतारवयात स्नायूंची ताकद अधिक वाढते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही 55 वर्षांवरील व्यक्तींसाठी रोज 3 ग्रॅम आणि नियमित वजनाचा व्यायाम अशा जोडीलाच मान्यता दिली आहे.

म्हणून सुरुवात व्यायामाने करावी. आठवड्यातून तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे आणि पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे इतके जमू लागले, की मग रोज 3 ते 5 ग्रॅम क्रिएटिन सुरू करावे. पहिल्या आठवड्यात रोज 20 ग्रॅम घेण्याची पैलवानी घाई नको. त्याने पोट बिघडू शकते, आणि रोजच्या 3 ग्रॅमनेही साधारण चार आठवड्यांत साठा भरतो. भुकटी कोमट पाण्यात किंवा ताकात ढवळून लगेच प्यावी, कारण द्रवात फार वेळ राहिल्यास ती हळूहळू क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थात बदलते. वेळ कोणतीही चालेल, नागा मात्र करू नये. सुरुवातीला वजन किलो-दीड किलोने वाढू शकते. ते बहुतांशी स्नायूंत साठलेले पाणी असते.

सर्वांत मोठा गोंधळ रक्ततपासणीत होतो. क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्तात क्रिएटिनिन थोडे वाढते, आणि तोच आकडा मूत्रपिंडाची क्षमता मोजण्यासाठी वापरला जात असल्याने निरोगी माणसाचा अहवालही विनाकारण घाबरवतो. यासाठी सुरू करण्यापूर्वीच एकदा तपासणी करून तो कागद जपून ठेवावा, पुढे डॉक्टरांना क्रिएटिनविषयी न विसरता सांगावे, आणि शंका उरल्यास मूत्रपिंडाची क्षमता मोजणारी सिस्टॅटिन-सी ही वेगळी चाचणी करता येईल का, असे विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी क्रिएटिन स्वतःहून घेऊ नये. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी, तसेच सांधेदुखीसाठी वरचेवर वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मध्येच सोडावेसे वाटले, तर मात्रा हळूहळू उतरवण्याची गरज नाही. बंद केल्यावर चार ते सहा आठवड्यांत स्नायूंतील साठा पूर्ववत होतो.