खरी आंबवलेली आंबील पहिल्यांदा करताय? या चुका टाळा

ताकात ज्वारीचं पीठ कालवून शिजवलं की त्यालाही आंबील म्हणतात, आणि घाईच्या दिवशी ती मीही करते. पण पीठ आधी स्वतः आंबून मग शिजलेली आंबील वेगळीच. तिचा आंबटपणा वरून घातल्यासारखा लागत नाही, दाण्यातून येतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाला हीच लागते, आणि उन्हाळ्यात शेतावरून आलेल्या माणसाच्या हातात पहिल्यांदा हिचाच वाटका देतात. पहिल्या खेपेला ती बहुतेक वेळा एकाच कारणानं बिघडते, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

घड्याळ बघून आंबवू नका

"रात्रभर ठेवा" असं पाककृतीत सर्रास लिहिलेलं असतं. डिसेंबरात आमच्याकडे रात्रभरात पीठ हलतही नाही, आणि मे महिन्यात पारा 44-45 वर असताना रात्रभर म्हणजे फार झालं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी संध्याकाळी भिजवलेलं पीठ सकाळी दहाला उघडलं. वर फेसाचा जाड थर, खाली राखाडी पाणी आणि ओल्या पोत्यासारखा वास. सासूबाईंनी गंजावर, म्हणजे पातेल्यावर, वाकून एकदाच वास घेतला. "अवं, हे आंबलं नाई, सडलं," म्हणाल्या आणि सगळं उकिरड्यावर ओतायला लावलं.

एक वाटी पीठ, तीन वाट्या पाणी आणि चमचाभर ताक, या मापाला माझ्या घरी थंडीत 18 ते 24 तास लागतात, भाद्रपदात 10 ते 12 आणि मेमध्ये पाच-सहा तासही पुरतात. तुमच्या घरात हे आकडे बदलतील, म्हणून खूण लक्षात ठेवा. पीठ तळाशी बसून वर निवळ पाणी येतं, कडेला मोहरीएवढे बुडबुडे धरतात आणि ढवळलं की हलकी फसफस ऐकू येते. वास कच्च्या कैरीसारखा किंवा ताज्या ताकासारखा यायला हवा. नाक मुरडावं लागलं, किंवा गुलाबी, काळा, हिरवा ठिपका दिसला, तर वरचं काढून खालचं वापरू नका. सगळं फेका. बुरशीचं विष उकळल्यानं जात नाही.

उन्हाळ्यात मी गंजाऐवजी मडकं घेते, त्याला ओलं गोणपाट गुंडाळते आणि माठाशेजारी सावलीत ठेवते. आपली हवा कोरडी असल्यानं गोणपाटातलं पाणी भराभर उडतं आणि मडकं गार राहतं. भाद्रपदाच्या दमट हवेत याचा फारसा उपयोग होत नाही, तेव्हा त्याची गरजही नसते.

यीस्टचं पाकीट फोडू नका

लवकर व्हावं म्हणून कुणी ब्रेडचं यीस्ट घालतं. मग आंबिलीला पावाचा वास येतो आणि हवा तो आंबटपणा येतच नाही. यीस्ट साखरेची दारू आणि वायू करतं. आंबिलीतलं आम्ल दह्यातल्यासारख्या जिवाणूंचं असतं, आणि त्यांना ऊब हवी असते.

ज्वारी बघून घ्या

विदर्भात ज्वारी मुख्यतः खरिपाची. कणसं भरताना पाऊस लागला की दाणा काळा पडतो. असा दाणा निवडून काढा, आंबवायला तर मुळीच घेऊ नका. पीठ ताजं दळलेलं हवं. दाण्यात तेल असतं, त्यामुळे उन्हाळ्यात महिन्याभराचं पीठ कडवट होतं, आणि आंबवल्यानं तो कडवटपणा झाकला जात नाही.

गोडवा यावा म्हणून मोड आणलेली ज्वारी दळून घालायचा विचार असेल तर सोडून द्या. ज्वारीच्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं ते त्यामुळेच.

भांडं आणि झाकण

जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, गंज किंवा बिनकल्हईचं पितळ नको, आम्ल धातूला खातं. स्टील, काच किंवा मातीचं भांडं घ्या. घट्ट झाकणाचा डबा लावू नका, वायूला वाट हवी. वर पातळ धुतलेलं फडकं बांधा.

शिजवताना

गुठळ्या होतात त्या आंबलेलं पीठ एकदम उकळत्या पाण्यात ओतल्यानं. चार वाट्या पाणी मीठ घालून उकळा, आच कमी करा आणि एका हातानं बारीक धार सोडत दुसऱ्या हातानं डाव फिरवत राहा. मग 10-12 मिनिटं मंद आचेवर शिजवा. कच्ची राहिली तर घशात पीठ लागतं. ताक घालायचं असेल तर आंबील पूर्ण निवल्यावरच घाला, गरम असताना घातलं तर फाटतं. लसूण, मिरची, जिरं कुटून घाला. महालक्ष्म्यांच्या आंबिलीत आमच्याकडे लसूण घालत नाहीत.

उरलेली आंबील मेच्या उन्हात स्वयंपाकघरात ठेवू नका, शिजल्यावर दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवा. पुढच्या खेपेचं विरजण म्हणून शिजलेली आंबील उपयोगाची नाही, तिच्यातले जिवाणू मेलेले असतात. चूल पेटवण्याआधीच आंबलेल्या पिठातलं वाटीभर बाजूला काढा, फ्रिजमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवसांत वापरा.